बिराजदारांच्या गुंड्या

माझ्या संगणकावर ब्राउझरच्या वरच्या पट्टीत 'साकु' नावाची एक गुंडी आहे. ती दाबली की काहीही होत नाही. पूर्वी व्हायचं. समोरच्या पानावरच्या जाहिराती, हलणारी चित्रं, 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून कुणीतरी परस्पर ठरवून टाकलेल्या गोष्टी, खालची भांडणं, सगळं एका दाबात नाहीसं व्हायचं आणि पांढऱ्यावर काळी अक्षरं तेवढी उरायची. पुढं संकेतस्थळांची घडण बदलत गेली आणि गुंडी निकामी झाली. काढून टाकायला हरकत नाही. उजवी टिचकी द्यायची, मग 'काढून टाका'वर दुसरी. दोन टिचक्यांचं काम आहे. बिराजदार असते तर म्हणाले असते, "दोन कशाला?"

रेवणसिद्ध बिराजदार आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. मी मराठी. दोन्ही विषयांना विद्यार्थी सारखेच कमी, त्यामुळे स्टाफरूममधल्या कूलरपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात आम्हाला शेजारी शेजारी टेबलं मिळाली होती. सोलापुरात माणसाची किंमत तो कूलरपासून किती लांब बसतो यावरून एप्रिलमध्ये कळते.

बिराजदार उंच होते आणि चालताना किंचित पुढं झुकत, जणू शरीराचा वरचा भाग आधी पोचला तर तेवढंच बरं. स्कूटर लावताना ती फाटकाकडं तोंड करूनच लावत, म्हणजे जाताना वळवायला नको. नाडीचे बूट त्यांनी कधी घातले नाहीत. फोनवर 'हॅलो' न म्हणता थेट 'बोला' म्हणत आणि काम झालं की 'ठेवतो' न म्हणता ठेवून देत. नव्या प्राध्यापकांना हा अपमान वाटे. जुन्यांना ठाऊक होतं की त्यांनी प्राचार्यांचाही फोन असाच ठेवला आहे.

आमची खरी ओळख झाली ती मी एक लेख वाचत असताना. वाचत होतो म्हणजे वाचायचा प्रयत्न करत होतो. मधूनच गाद्यांची जाहिरात वर येई, ती बंद करावी तर खालून दुसरी, मग अक्षरं बारीक म्हणून मोठी करावी तर ओळी पडद्याबाहेर.

"सर, काय करायलाव हे?"

"वाचतोय."

"वाचायलाव कुटं? वल्हवायलाव की. सरका जरा."

त्यांनी उभ्या उभ्याच काहीतरी टाइप केलं आणि ते ओढून ब्राउझरच्या वरच्या पट्टीत नेऊन टाकलं. तिथं 'साकु' अशी अक्षरं दिसू लागली. मग ती दाबली. गाद्या गेल्या. लेख उरला. (तो लेख तसा गाद्यांपेक्षा फारसा बरा नव्हता, हे मला त्यामुळंच कळलं.)

मी विचारलं, ही काय जादू आहे?

"जादू काय त्यात? बुकमार्क म्हंजे काय? पत्ता. दाबला की त्या घरी नेतंय. आता पत्त्याच्या जागी हुकूमच लिवला तर? दाबला की कुटं जायचं नाही, हाय त्या पानावर काम करायचं. एक ओळ असती. बास."

तिला इंग्रजीत बुकमार्कलेट म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं. पण तेवढा शब्द म्हणेपर्यंत काम होऊन जातं, म्हणून ते गुंडी म्हणत. शर्टाची असते ती गुंडी, आणि त्यांच्या घरच्या कानडीतही गुंडीच.

गुंड्यांची नावंही कानडी. 'साकु' म्हणजे पुरे. 'होगु' म्हणजे जा. पानाच्या मधोमध येऊन उभी राहणारी चौकट त्यानं जायची. 'दोड्डदु' म्हणजे मोठं. त्यानं अक्षरं वाढायची. 'सुम्किर' म्हणजे गप्प बस. आपण न सांगता आपोआप बोलू लागणाऱ्या चित्रफितींसाठी. हीच नावं का, असं विचारल्यावर म्हणाले, "आमच्या घरात हुकूम कानडीतच सुटत्यात."

"कोण सोडतं?"

"मी लग्न झालेला माणूस हाय, सर."

कॉलेजचं काम तेव्हा नुकतंच 'संपूर्ण डिजिटल' झालं होतं. म्हणजे पूर्वी वहीत पाच मिनिटांत होणारी हजेरी आता संकेतस्थळावर अर्ध्या तासात होऊ लागली होती. प्रत्येक मुलाच्या नावापुढच्या चौकटीवर टिचकी द्यायची, यादी उघडायची, त्यातलं 'उपस्थित' निवडायचं. बिराजदारांनी एक गुंडी केली. एका दाबात सगळा वर्ग उपस्थित. मग गैरहजर तेवढे हातानं बदलायचे. ती गुंडी स्टाफरूमभर पसरली. त्या वर्षी आमच्या काही प्राध्यापकांचे वर्ग कमालीचे भरले, कारण दुसरी पायरी करायला ते विसरत.

प्राचार्यांचा प्रसंग मात्र सांगायलाच हवा. कॉलेजचं संकेतस्थळ उघडलं की आधी प्राचार्यांचा फोटो मधोमध येई, हात जोडलेला, खाली स्वागतपर मजकूर. तो बंद करायची खूण फोटोच्या पगडीजवळ होती आणि सहज सापडत नसे. बिराजदार रोज 'होगु' दाबत. बोटाला इतकी सवय झाली होती की डोळ्यांचा संबंध उरला नव्हता. मग बाहेरून तपासणी समिती आली. सभागृहात मोठा पडदा, पुढच्या रांगेत शालजोड्या, आणि संगणक चालवायला बिराजदार. प्राचार्य म्हणाले, "आता आपण आपल्या संकेतस्थळाचं दर्शन घेऊ." पडद्यावर प्राचार्य प्रकटले, आणि पापणी लवायच्या आत गेले.

मग समितीतल्या एका वयस्कर बाईंनी आपुलकीनं विचारलं, "सर कुठं गेले?"

बिराजदारांनी पान पुन्हा उघडलं. प्राचार्य पुन्हा आले. बोटानं त्यांना पुन्हा घालवलं.

नंतर प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून झाडलं, असं म्हणतात. मी विचारल्यावर बिराजदार एवढंच म्हणाले, "लई वेळ बोलत होते हो. तिथं गुंडी नव्हती."

इतका वेळ वाचवून त्याचं करता काय, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांना प्रश्न कळला नाही. "घरी जातो की," म्हणाले. आणि खरंच जात. पाच वाजले की फाटकाकडं तोंड केलेली स्कूटर थेट जुळे सोलापूर.

घरी महानंदावहिनी असत. मैंदर्गीच्या. मराठी बोलताना मध्येच कानडीत शिरत आणि ऐकणाऱ्याला कानडी येत नाही हे आठवलं की परत येत. पण सांगायचं ते थांबत नसे. माझी बायको विद्या आणि त्या बाजारात एकदा भेटल्या आणि नंतर आठवड्याला भेटू लागल्या. आम्ही दोघं पुरुष त्या मैत्रीचं शेपूट.

एकदा त्यांच्याकडं जेवायला होतो. वहिनी मला पहिली भाकरी वाढेपर्यंत बिराजदार हात धुऊन आले.

"सर, तुमी बसा निवांत," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचं जेवण म्हंजे एस.टी.चा थांबा. उतरले, चढले, गेले."

"गार होतंय म्हणून लवकर जेवतो," बिराजदार म्हणाले.

"तवा तापायच्या आत उठताव. गार कवा होणार?"

तेव्हाच मला कळलं की वहिनी पाककृतींच्या एका मराठी संकेतस्थळावर बरंच काही लिहितात. गावोगावच्या बायका तिथं जमत, सभासदांखेरीज कुणाला आत येता येत नसे. वहिनी त्यातली पानं नवऱ्याला पाठवत, वर लिहीत, "वाचा हो." बिराजदारांनी नवऱ्याचं कर्तव्य म्हणून सभासदत्व घेतलं होतं. पान उघडायचं, 'साकु' दाबायचं, राहील ते वाचायचं आणि उत्तर पाठवायचं: "छान."

"नुसतं छान?" विद्यानं विचारलं.

"छान होतं की."

त्याच दिवशी त्यांनी विद्याच्या संगणकावरही 'साकु' बसवून देऊ केली. विद्या नको म्हणाली. ती पानं कागदावर छापून घ्यायची, जाहिरातींसकट, आणि त्यापायी आमच्या घरी शाई नेहमी संपलेली असायची. "मला सगळं लागतं," ती म्हणाली. "कोण काय विकतंय तेही कळायला नको का?" बिराजदारांनी तिच्याकडं एखादी बरी न होणारी व्याधी पाहावी तसं पाहिलं. वहिनी मात्र हसत राहिल्या. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

ज्या वर्षी बिराजदार निवृत्त झाले त्याच वर्षी महानंदावहिनी गेल्या. आजार थोडक्यात आटोपला. त्यांच्या बाबतीत थोडक्यात आटोपलेली ती एवढी एकच गोष्ट.

मुलगी हैदराबादला, नोकरीत अडकलेली. तिनं बरोबर चला म्हणून सांगितलं. ते म्हणाले, बघू. त्यानंतर ते कॉलेजात येऊ लागले. निवृत्त माणूस कॉलेजात आला की पहिल्या आठवड्यात चहा मिळतो, दुसऱ्यात खुर्ची मिळते, आणि पुढं लोक घड्याळाकडं बघू लागतात. ते प्रत्येकाला विचारत, "गुंडी चालतीय का? बघू का?" नव्यानं नोकरीला लागलेल्या मुलामुलींना गुंडी ठाऊक नव्हती, त्यांचं सगळं फोनवर. एकीनं आदरानं सांगितलं, "सर, आता त्याची गरज नसते." ते "बरं" म्हणाले आणि तिचं टेबल पुसल्यासारखं हातानं झटकून उठले.

मी अधूनमधून त्यांच्याकडं जाई. एकदा गेलो तर संगणकावर कसलीशी चित्रफीत आपोआप सुरू होऊन एक बाई गुडघेदुखीवरच्या तेलाबद्दल जिवाच्या आकांतानं बोलत होती. बिराजदार दुसऱ्या खोलीत कपडे वाळत घालत होते.

"बंद करू का हो?" मी ओरडून विचारलं. पट्टीत बघितलं तर 'सुम्किर' तिथं नव्हती.

"राहू द्या," आतून आवाज आला. "बोलायलीय की."

मग ती पाककृतींची साइट बंद होणार असल्याची सूचना आली. चालवणारी मंडळी दमली होती. सभासदांनी आपापलं लिखाण महिन्याभरात साठवून घ्यावं, असं पहिल्या पानावर लिहिलं होतं. विद्यानं मला सांगितलं, मी बिराजदारांना फोन केला. "बोला" म्हणाले, मी साइटचं सांगितलं. ते म्हणाले, "हिचं सगळं तिथं हाय."

पण त्या महिन्यात ते पुन्हा पूर्वीचे झाले. पाठ सरळ, डोळ्यांत काम. त्यांनी गुंडी केली. आयुष्यातली सर्वांत चांगली, असं स्वतःच म्हणाले, आणि ते स्वतःची स्तुती करणारे नव्हते. वहिनींच्या नावाखाली, त्या जिथं जिथं लिहीत त्या सगळ्या पानांची यादी साइटवर होतीच. त्यातलं एकेक पान उघडायचं आणि गुंडी दाबायची. पान आधी स्वच्छ व्हायचं आणि मग तारीखवार नाव घेऊन साठवलं जायचं. स्वच्छ करणं आणि साठवणं, दोन्ही एका दाबात.

"कचरा कशाला साठवायचा?" ते म्हणाले.

गुंडीचं नाव होतं 'बा'. म्हणजे ये.

साइट बंद व्हायच्या बरंच आधी ते मोकळे झाले. स्टाफरूममध्ये पेढे आणले. कशाचे, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि पेढे खाणाऱ्यांनी विचारलंही नाही. मला म्हणाले, "आता सावकाश वाचतो. घाई नाही." त्यांच्या तोंडी ते दोन शब्द मी प्रथमच ऐकत होतो.

साइट ठरल्या दिवशी बंद झाली. त्यानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, बिराजदार लॅपटॉप काखेत घेऊन आमच्याकडं आले. न कळवता आले होते. स्कूटर फाटकाकडं पाठ करून कशीतरी लावलेली मी खिडकीतून पाहिली, आणि काहीतरी बिनसलंय हे मला तेव्हाच कळलं.

"वहिनी," ते विद्याला म्हणाले, "हिनं पनीर कवा केलं होतं का?"

"पनीर? महानंदानं? छे हो."

"केक?"

"तिच्याकडं ओव्हन कुठं होता?"

"तेच म्हणतो मी. नव्हता हो ओव्हन." त्यांनी लॅपटॉप उघडला. पनीर, केक, कसलेसे इटालियन प्रकार, नाशिककडचं वांगं, कोकणातली आमटी. स्वच्छ, सुबक, पांढऱ्यावर काळं. "सगळं बघितलं. एकपण हिचं वाटत नाही. हिचं बोलणं असं नव्हतं. कुणाचं साठवलंय मी?"

विद्या वाचत होती. मग हळूच म्हणाली, "अहो, ती पाककृती कुठं टाकायची? एकही टाकली नाही तिनं. ती खाली लिहायची."

"खाली म्हंजे?"

"खाली हो. पाककृती संपली की खाली बायका बोलायच्या ना. तिथं. तिच्यासाठी तर लोक यायचे."

बिराजदारांनी पडद्यावरचं पान तळापर्यंत सरकवलं. मग म्हणाले, "खालचं मी काढून टाकतो."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी विद्या उठली नाही.

"ती पाठवायची," ते म्हणाले. "वाचा हो, म्हणायची. मी उघडायचो, साकु दाबायचो. इतकी वर्षं. मला वाटायचं, ही मला स्वैपाक कशाला शिकवायलीय?"

त्यांनी साइटचा पत्ता टाकला. सभासदांचे आभार मानणारी एक ओळ आली. चालवणाऱ्यांना त्यांनी लिहिलं होतं, उत्तर नव्हतं. जुन्या पानांच्या प्रती जिथं राहतात तिथंही त्यांनी शोधलं होतं; सभासदांपुरती कुलूपबंद जागा, तिथं कुणी शिरलंच नव्हतं.

मग विद्या उठली. मला वाटलं कुकरकडं गेली. परत आली ती चार कागद घेऊन. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले होते, कोपरे फाटले होते, वर तेलाचे डाग. कुण्या नाशिकच्या बाईंची अंबाडीची भाजी. पहिलं पान पाककृती आणि गाद्या. दुसऱ्या पानापासून खालचं.

बिराजदार उभे होते ते उभेच वाचू लागले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. तेवढी आगळीक मला क्षमा करण्यासारखी वाटते. महानंदावहिनींनी लिहिलं होतं:

'आमच्याकडे ह्याला पुंडीपल्ले म्हणतात. भाजी छान दिसते पण लसूण एवढा कमी का ताई? घरात कुणाची भीती आहे का?'

नाशिकच्या बाईंनी उत्तर दिलं होतं की मिस्टरांना लसूण चालत नाही. तुमच्या मिस्टरांना चालतो वाटतं?

'आमच्या ह्यांना सगळं चालतं. एकदा मी मीठ घालायला विसरले तरी हे ताट रिकामं करून छान म्हणाले. राग यावा की नको ते अजून ठरवतेय. हे पान पण त्यांना पाठवणार आहे. बघू कळतंय का.'

त्याखाली आणखी बऱ्याच बायका हसल्या होत्या.

बिराजदारांनी ते वाचलं. मग परत वाचलं. "पाठवलं होतं हिनं," ते म्हणाले. "अंबाडी. आठवतंय. मी छान म्हटलं होतं."

विद्यानं कागद त्यांच्यापुढं केले. "घेऊन जा."

"नको. माझ्याकडं गेलं तर मी त्याचं काहीतरी करीन." मोबाइलनं फोटो तेवढे काढले. कागद विद्यानं पुन्हा कपाटाच्या दाराला आतून लावले.

त्यानंतर ते रविवारी येऊ लागले. चहा घेत, अंबाडीची भाजी असेल तर थोडी खात, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन कपाटाचं दार उघडत. फोटो आहेत ना, असं मी एकदा म्हणालो. विद्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. जेवायला थांबत तेव्हा आमच्या नंतर उठत. मीठ कमी असलं तर सांगत.

शेवटी मुलगी न्यायला आली. जुळे सोलापूरचं घर आवरून झालं होतं, सामान पुढं गेलं होतं. निघायच्या सकाळी गाडी आमच्या दाराशी थांबवून ते आत आले. "चहा नको," म्हणाले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. मी दाराशी उभा राहिलो. ते ओळीखाली बोट धरून वाचत होते, शाळेतल्या मुलानं वाचावं तसे, ओठ हलवत. पहिलं पान, दुसरं, तिसरं. बाहेर मुलीनं हॉर्न दिला. ऊन चढायच्या आत निघायचं ठरलं होतं.

पुन्हा हॉर्न वाजला. त्यांचं बोट शेवटच्या पानाच्या तळाशी आलं होतं. बायकांचं बोलणं कधीच संपलं होतं.

"सर, झालं असेल तर चला," मी म्हणालो. "ती थांबलीय."

त्यांनी मान वर केली नाही.

"थांबा की," ते म्हणाले. "जाहिरात राहिलीय अजून."